पहिल्या पानावरची चौकट

मनोहरराव बारापात्रे अकरा वर्षं नागपूरच्या 'दैनिक चौफेर'मध्ये बातम्या लिहीत होते, आणि अकरा वर्षांत त्यांचं नाव पेपरात एकदाही छापून आलं नव्हतं. तशी पद्धतच नव्हती. आग लागो, पूर येवो, मंत्र्याची गाडी नाल्यात जावो, वर छापायचं 'आमच्या वार्ताहराकडून' आणि मोकळं व्हायचं. उमरेडला त्यांची आई रुख्माबाई, हातमागावर पातळं विणणारी, अक्षराची ओळख नसलेली बाई, दर खेपेला विचारायची, "तुहं नाव कधी येते गा पेपरात?" मनोहरराव म्हणायचे, "येईन माय, येईन." हवं तर त्यांनाही होतंच, अगदी जीव टाकून हवं होतं. आता माणसाला एवढं हवं असलेलं कसं मिळतं ते ऐका.

सन त्र्याहत्तरची गोष्ट. संपादक महादेवराव एका परिषदेसाठी दिल्लीला गेले. लोक दिल्लीहून स्वेटर आणतात, महादेवरावांनी तत्त्व आणलं. रामदासपेठेतल्या ऑफिसात परतल्या दिवशीच फळ्यावर परिपत्रक लागलं: कोणत्याही कंपनीकडून, दुकानाकडून, पुढाऱ्याकडून भेटवस्तू घ्यायची नाही. चहा, पान आणि मूठभर चिवडा, एवढीच सूट. वस्तू गळ्यात पडलीच, तर आठ दिवसांच्या आत, न वापरता, जशीच्या तशी ऑफिसात जमा करायची आणि देणाऱ्याला परत जायची. नाही केली, तर त्या माणसाचं संपूर्ण नाव पहिल्या पानावर चौकटीत छापण्यात येईल.

परिपत्रक वाचून उपसंपादक बाबनरावांनी एकच शंका काढली. "साहेब, मूठ कोणाची धरायची?" बाबनरावांचा पंजा सुपाएवढा होता, आणि शिपाई नत्थूची मूठ लिंबाएवढी. दुसरा कुणी संपादक असता तर हसला असता. महादेवरावांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी फळ्यावर दुरुस्ती लावली: 'मूठ मध्यम आकाराची समजावी.' माणूस असा होता. लबाडी तर त्याच्या अंगाला शिवली नव्हती, पण विनोदही शिवला नव्हता.

पहिले सापडले ते बाबनरावच. एका पंख्याच्या कंपनीनं दिलेला थर्मास त्यांनी घरी नेला आणि आठ दिवस उलटून गेले. नवव्या दिवशी पहिल्या पानावर काळी जाड चौकट: 'आमचे उपसंपादक श्री. बाबनराव गणपतराव डेकाटे यांनी एक थर्मास स्वीकारला. चौफेर दिलगीर आहे.' बस. एवढ्यानं काम भागलं. पानठेल्यावर लोक त्यांना 'या थर्माससाहेब' म्हणायला लागले. त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तर मुलाच्या मामानं कप हातात घेऊन विचारलं, "थर्मासातला आहे का जी?" सोयरीक जुळली नाही. मोडली ती खरं तर हुंड्यावरून, पण बाबनराव आजही थर्मासालाच दोष देतात.

मनोहररावांनी तेव्हाच कानाला खडा लावला. नाव यावं, पण असं नाही.

अशात दसऱ्याच्या तीन आठवडे आधी 'सुवर्णकाठ टेक्स्टाइल्स'ची पत्रकार परिषद आली. मालक ताराचंदजी. हा माणूस लहानपणी आपल्या बापाच्या हातमागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला, म्हणजे विणकरांपैकीच. पुढं धंद्यात शिरला, सफारी शिवली, आणि आता सीताबर्डीवर दुमजली दुकान काढत होता. दसऱ्याला उद्‌घाटन. परिषदेत चहा झाला, मध्यम आकाराची मूठ चिवडा झाला, आणि निघताना प्रत्येकाच्या हातात एकेक डबा. आत डाळिंबी रंगाचं, पिवळ्या काठाचं पातळ, आणि झाकणावर सोनेरी अक्षरात 'अस्सल उमरेड हातमाग'.

"हे मले चालत नाही, ताराचंदजी," मनोहरराव म्हणाले.

"अरे, तुम्ही उमरेडचे ना गा? मंग तुमच्याच गावचा माल तुमाले देऊन राहिलो. वहिनीले द्या."

चारचौघांत डबा ढकलाढकली करणं बरं दिसेना. उद्या ऑफिसात जमा करू, आठ दिवस तर आहेत, असं म्हणून मनोहररावांनी तो जुन्या मंगळवारीतल्या आपल्या खोलीवर आणला आणि कपाटाच्या डोक्यावर ठेवला. आणि तेवढ्यात भंडाऱ्याला दोन दिवसांच्या कामाला जावं लागलं. नशीब फिरायचं असलं की ते आधी माणसाला भंडाऱ्याला पाठवतं.

झाडताना डबा पुष्पलताबाईंच्या हाती लागला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, आणि नऊ वर्षांत नवऱ्यानं आपणहून एक रुमालसुद्धा आणला नव्हता. डबा उघडला आणि बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. मेला माणूस बोलत नाही, पण मनात ठेवतो, त्यांना वाटलं. विचारून त्याचा विरस कशाला करायचा? शेजारच्या कुसुमताईंच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. बाई डाळिंबी पातळ नेसून गेल्या, चार बायकांनी काठाला हात लावून पाहिला, आणि वडाभात वाढताना हिंग-हळदीच्या फोडणीचं तेल पळीभर निऱ्यांवर सांडलं. घरी येऊन त्यांनी ते धुतलं. डाग जागेवर राहिला, पण डाळिंबी रंग काठात उतरला आणि पिवळा काठ सगळा गुलाबी झाला.

मनोहरराव परत आले, तर बायको दारात, चेहरा फुललेला आणि अपराधी दोन्ही.

"तुम्ही बोलले नाही, पण मी समजली," ती म्हणाली. "खराब झालं जी जरासं. रागावू नका."

मनोहररावांनी तारेवर वाळत घातलेलं पातळ पाहिलं. परिपत्रक, आठ दिवस, 'न वापरता', चौकट, सगळं त्यांनी भडाभडा सांगून टाकलं. पुष्पलताबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि त्यातलं एकच धरलं.

"म्हंजे माह्यासाठी नव्हतं आणलं."

त्या रात्री भाजीत मीठ नव्हतं, आणि मागायची नवऱ्याची हिंमतही नव्हती.

बाजारातून तसंच पातळ आणावं, तर सुवर्णकाठचं दुकान अजून उघडायचं होतं आणि माल बाहेर कुठं नव्हता. पाच दिवस उरले होते. मनोहररावांनी रंग उतरलेलं पातळ पिशवीत घातलं आणि सकाळची उमरेडची यस्टी पकडली.

रुख्माबाई मागावरच बसल्या होत्या. साठी ओलांडली तरी धोटा असा फिरवायच्या की बघणाऱ्याची मान दुखावी. लेकानं पातळ पुढं केलं. त्यांनी रंग पाहिला नाही, डाग पाहिला नाही. अंगठा आणि बोट काठाच्या अगदी कडेवरून वीतभर फिरवलं आणि पातळ त्याच्या मांडीवर परत टाकलं.

"हे हातमागाचं नोहे बाप्पा."

"डब्यावर लिहिलं आहे, माय."

"डबा कोणी विणला?"

विणकराच्या घरात जन्मून मनोहररावांना हे कळायला हवं होतं, पण कलम धरलं आणि बोटं विसरली. हातमागावर कापड ताणून धरायला दोन्ही कडांना सुयांची पट्टी टोचतात, आणि विणून झालं तशी ती पुढं पुढं सरकवतात. त्या सुयांची बारीक भोकं काठाला राहून जातात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण विणणाऱ्याच्या बोटाला लागतात. ह्या पातळाची कड तुपासारखी गुळगुळीत होती. यंत्रमागाचा माल होता तो.

"अन नमुना आमच्याच गल्लीतला आहे," रुख्माबाई म्हणाल्या. "उन्हाळ्यात ताराचंदचा माणूस येऊन माह्याजवळून चार पातळं घेऊन गेला. मले वाटलं, चार नेले म्हंजे चाळीस मागवतीन. त्यानं तं नमुना नेला होता." मग त्यांनी लेकाकडं नीट पाहिलं. "अन हे पेपरात लिहून टाकाचं सोडून तू इथं काहून बसून राहिला?"

मनोहररावांनी पुन्हा सगळं सांगितलं. बातमी लिहिली तर पातळ कुठून आलं ते सांगावं लागणार. ते सांगितलं की चौकट आली. "पहिल्यांदा नाव येईन माय, अन तेही चोरासारखं. बाबनरावले लोकं आजही थर्मास म्हणतात. मले काय म्हणतीन? बायकोचं पातळ म्हणतीन."

"अन आमच्या गावाचं नाव लावून तो यंत्राचा माल विकून राहिला, त्याचं काय?"

"ते मंग पाहू."

मागावर तसंच डाळिंबी पातळ अर्धं विणून झालेलं होतं. रुख्माबाईंनी लेकाला तिसऱ्या दिवशी यायला सांगितलं आणि खट-खट सुरू केलं. तीन दिवस गल्लीतल्या बायका म्हणत होत्या, रुख्मामायचा माग आज रागानं चालून राहिला. पातळ मात्र असं उतरलं की बघत राहावं.

आठव्या दिवशी, मुदत संपायला दोन तास असताना, मनोहररावांनी ते सोनेरी अक्षरांच्या डब्यात घडी घालून संपादकांच्या टेबलावर ठेवलं. महादेवराव खुर्चीतून उठून उभे राहिले.

"हे पाहा बाबनराव," ते म्हणाले, "ह्याला म्हणतात नियमाची बूज राखणं."

बाबनरावांनी असं पाहिलं की मनोहररावांना पाणी प्यावं लागलं.

आता डबा नत्थूच्या हाती मुकाट परत गेला असता तर ही गोष्ट इथंच संपती. पण त्याच दुपारी ताराचंदजी स्वतः ऑफिसात उगवले. उद्‌घाटनाची पूर्ण पानभर जाहिरात द्यायची होती, आणि जाहिरातीसोबत पहिल्या पानावर जरा चांगली बातमीही येईल का, ते बघायचं होतं. महादेवरावांना अशा वेळी फार उत्साह यायचा. त्यांनी आधी बातमीला नकार दिला, मग जाहिरात मापाप्रमाणं घेतली, आणि मग सगळ्या ऑफिसाला बोलावून, सर्वांसमक्ष, डबा ताराचंदजींच्या हातात दिला.

"आमच्या नियमाप्रमाणं आपली भेट सादर परत. उघडून तपासून घ्या."

"अरे साहब, तपासायचं काय त्यात," ताराचंदजी हसत म्हणाले. नियमाचा राग आला होता, पण जाहिरातीचं बिल अजून ठरायचं होतं. त्यांनी झाकण काढलं, उगाच आपलं दाखवायला घडी अर्धी उलगडली.

आणि हात फसला. डोक्यानं सफारी घातली होती, बोटांनी घातली नव्हती. बापाच्या मागाशेजारी बसून जी सवय लागली ती लागली. अंगठा आणि बोट आपसूक कडेवर गेलं, वीतभर सरकलं, थांबलं, पुन्हा सरकलं. माणसाचा चेहराच बदलला. मुंबई-अहमदाबादच्या व्यापाऱ्यांत वावरणारा सेठ क्षणभर कुठं गेला कोण जाणे. त्यांनी पातळ खिडकीच्या उजेडात धरलं.

"हे आमचं नाही," ताराचंदजी म्हणाले. "हे तं हातमागाचं आहे. अन काय विणलं आहे बाप्पा."

बाबनरावांच्या तोंडात चिवडा होता, तो तसाच राहिला. महादेवरावांनी चष्मा पुसला, डब्याचं झाकण हातात घेतलं, आणि एकेक अक्षर लावत वाचलं. "अस्सल. उमरेड. हातमाग." मग म्हणाले, "मग तुमचं कशाचं असतं?"

ताराचंदजींनी पातळ उजेडातून खाली घेतलं. पण गडी पोचलेला, लगेच सावरला. "गंमत केली, साहब. आमचंच आहे. अस्सल उमरेडचं. आमच्या कारखान्यातला एक नंबर माल." आणि हे म्हणताना त्यांनी मनोहररावांकडं पाहिलं. त्या नजरेचा अर्थ कुणाही विणकराच्या पोराला कळला असता. तू बदललं आहेस, हे मले समजलं. तू चूप, मी चूप. तुझं नाव वाचलं, माझा माल वाचला.

सौदा चांगला होता. मनोहररावांनी तो केलाही असता, खोटं कशाला सांगा. मनात म्हणत होते, जाऊ दे, झाकली मूठ सव्वा लाखाची. पण ताराचंदजी पातळाची घडी घालत होते, माय तीन दिवस रागानं विणत बसली होती त्या पातळाची, आणि परत म्हणाले, "आमचंच."

"तुमचं नोहे ते," मनोहरराव म्हणाले.

आवाज आपलाच आहे हे त्यांना जरा उशिरा कळलं. पण एकदा तोंड फुटल्यावर मागं फिरायला जागा नव्हती. "हे माह्या मायनं विणलं, उमरेडला. ताराचंदजींनी दिलेलं यंत्रमागाचं होतं. ते माह्या बायकोनं नेसलं, त्यावर तेल सांडलं, धुतलं तं रंग गेला. म्हणून मी मायचं आणून ठेवलं. ते दुसरं माह्या घरी आहे, आणून देतो."

ताराचंदजी उठले, डबा टेबलावर तसाच टाकून, आणि जाहिरात तूर्त थांबवा म्हणत जिना उतरले. पायऱ्यांवर कुणाशी तरी धडकल्याचाही आवाज आला. तो नत्थू होता.

महादेवरावांनी दोन कोरे कागद मनोहररावांपुढं सरकवले.

"एकावर बातमी लिहा. ताराचंदजी काय बोलले, कुणासमोर बोलले, सगळं. आम्ही सगळे साक्षीदार आहोत."

"अन दुसऱ्यावर?"

"चौकट."

"साहेब," मनोहरराव म्हणाले, "नाव छापताच आहात, तर मग बातमीवरही टाका."

"बातमीवर नाव घालायची आपल्याकडे पद्धत नाही," महादेवराव म्हणाले, आणि माणूस खरंच हळहळत होता. "चौकटीत मात्र संपूर्ण नाव लागतं. वडिलांच्या नावासकट."

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर दोन्ही शेजारी शेजारी आले. डाव्या हाताला ठळक मथळा, 'उमरेडच्या नावावर यंत्रमागाचे पातळ, मालकाचीच कबुली', खाली 'आमच्या वार्ताहराकडून'. उजव्या हाताला काळी चौकट: 'आमचे वार्ताहर श्री. मनोहर मारोतराव बारापात्रे यांनी एक पातळ स्वीकारले, पत्नीने ते वापरले, व त्याजागी आपल्या आईने विणलेले पातळ परत करण्याचा प्रयत्न केला. चौफेर दिलगीर आहे.' आता 'आमचा वार्ताहर' म्हणजे कोण, हे कळायला नागपूरकरांना काय शास्त्र शिकायचं होतं? पानठेल्यावर लोकांनी त्यांना 'पातळ' म्हणूनच हाक मारली. पण चहाचे पैसेही देऊ दिले नाहीत, आणि तो चहा नियमात बसत होता.

घरी पुष्पलताबाईंनी चौकट तीनदा वाचली. "पत्नीने म्हणे," त्या म्हणाल्या. त्यांनी मीठ मात्र त्या दिवशी घातलं.

रविवारी मनोहरराव उमरेडला गेले. वाटभर त्यांच्या डोक्यात एकच होतं. मायला काय वाटलं असेल? गल्लीच्या तोंडाशी पोचले तर पंधरा-वीस माणसं जमलेली. सुवर्णकाठच्या झाकणांवरून उमरेडचं नाव काढायला लागणार, ही बातमी त्यांच्या आधी पोचली होती, आणि नागपूरचे दोन व्यापारी सकाळीच खऱ्या मालाची चौकशी करून गेले होते. पेपर हातोहात फिरून चिंधी झाला होता. शेजारच्या भागीरथाबाईंचा जावई, शाळामास्तर, तो रुख्माबाईंना वाचून दाखवत होता. बातमी झाली. चौकट झाली.

मनोहरराव उंबऱ्यात उभे राहिले, मान खाली घालून.

"परत वाच," रुख्माबाई मास्तरला म्हणाल्या. "नावं वाच फक्त."

"मनोहर मारोतराव बारापात्रे."

"अन पुढं?"

"आपल्या आईने विणलेले पातळ."

रुख्माबाईंनी लेकाकडं पाहिलं. रागानं नाही, पण सोडणारही नव्हत्या.

"पातळ घेतलं तू, तुहं नाव आलं. तुहा बाप मरून बारा वर्षं झाले, त्यानं धाग्याले हात नाही लावला, त्याचंही नाव आलं," त्या म्हणाल्या. "विणलं म्या. माहं काहून नाही टाकलं गा?"

गल्लीतली माणसं हसली. मनोहररावही हसायला गेले, पण हसू अर्ध्यातच अडकलं. अकरा वर्षं 'आमच्या वार्ताहराकडून' लिहिताना आपल्याला काय काय वाटत आलं होतं, ते त्यांना आठवलं, आणि चाळीस वर्षं मागावर बसलेल्या ह्या बाईला काय वाटत असेल हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. ते मागाशेजारी खाली बसले आणि मास्तरला म्हणाले, "एक कोरा कागद द्या जी. संपादकाले दुरुस्ती पाठवाची आहे."